उकिरडा ते खतकुंडी : मुंबई उपनगरांतील घरगुती खताचा इतिहास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि त्यांच्या आसपासच्या उपनगरांत गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात आज ज्या खतकुंड्या दिसतात, त्यांच्याकडे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील पर्यावरणजागृतीचे फलित म्हणून पाहिले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या साष्टी बेटावर ही उपनगरे वसली, तेथील शेतकरी घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खत तयार होत असे आणि ते घरापासून हाकेच्या अंतरावर मुरतही असे. पुढे ही रीत मोडली, याचे कारण खताची महती लोक विसरले एवढेच नाही. चूल, मोरी आणि गोठा एकीकडे राहिले, पीक घेणारी जमीन दुसरीकडे गेली, आणि या दोहोंमधले अंतर वाढत जाऊन शेवटी खत मागणारी मातीच दृष्टीआड झाली. त्यानंतर उपनगरांत खताचे जे जे प्रयोग झाले, त्यांचे यशापयश जोखायचे तर हेच अंतर मोजावे लागते.

साष्टी तालुका ब्रिटिश अमलात दीर्घकाळ ठाणे जिल्ह्याचा भाग होता. सखल भागात भाताची खाचरे, त्यांच्या कडेला ताडामाडांच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या, खाडीलगत खाजणे व मिठागरे आणि मधोमध जंगलाने भरलेल्या टेकड्या, अशी तेथील जमिनीची मांडणी होती. आगरी, कुणबी, भंडारी, कोळी, पाचकळशी, वारली आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांची गावठाणे या मांडणीत विखुरलेली होती. घरामागे किंवा गोठ्याजवळ उकिरडा असे. उकिरडा म्हणजे नुसती घाण टाकण्याची जागा नव्हे. गोठ्यातले शेण, गुरांनी उष्टावून टाकलेला पेंढा, चुलीतली राख, भाताचे तूस, अंगणाची झाडलोट आणि भाजीची देठे वर्षभर जेथे साठत आणि कुजत, तो कुटुंबाच्या शेतीचा साठा होता. वैशाखाच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला की उकिरडा उपसला जाई आणि टोपल्यांनी किंवा गाडीने खत खाचरांत नेऊन पसरले जाई. मोरीच्या सांडपाण्यालाही वाया जाऊ दिले जात नसे. पाट काढून ते अळूच्या वाफ्याला किंवा केळीच्या बुंध्याला दिले जाई. वेसावे, मढ, गोराई अशा कोळीवाड्यांच्या आसपास खाण्यास न लागणारी मासळी व तिचे टाकाऊ भाग माडाच्या आळ्यात पुरण्याची सोय होती.

भाताच्या शेतीत उकिरड्याच्या जोडीला राब होता. भाताची रोपे, म्हणजे आवण, ज्या लहान तुकड्यात वाढवायचे, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून काढण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या व पाला, त्यावर गवत किंवा पेंढा आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर असे रचून तो ढीग भडकू न देता सावकाश धुमसत ठेवला जाई. या भाजणीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतले क्षार कोवळ्या रोपांना तत्काळ मिळतात. उलट पाल्यातला आणि शेणातला नत्र, म्हणजे पानांची वाढ करणारे द्रव्य, धुरावाटे निघून जातो आणि मातीला धरून ठेवणारा सेंद्रिय अंश जळून जातो. शेतकऱ्याला हा तोटा परवडे, कारण भाजायचा तुकडा लहान होता आणि पाला जवळच्या टेकडीवरून फुकट मिळे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने वनांची राखीव क्षेत्रे आखली, तेव्हा हा फुकटचा पाला वादाचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी ऐकण्यासाठी 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा महत्त्वाचा मुद्दा होता, आणि 1887 सालच्या अहवालात त्याची सविस्तर चर्चा आली. पुढे ब्रिटिश सरकारच्या निमंत्रणावरून भारतीय शेतीची पाहणी करणारे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी 1893 सालच्या अहवालात दाखवून दिले की येथील शेतकरी शेणाचे मोल जाणतो, परंतु सरपण मिळत नसल्यामुळे त्याला शेणी थापून जाळाव्या लागतात. म्हणून शेतीला खत हवे असेल तर आधी सरपणाची झाडे हवीत. खताचा प्रश्न उपदेशाने सुटणारा नसून साधनांच्या वाटणीचा आहे, हे सूत्र या दोन्ही अहवालांतून निघते आणि पुढच्या शतकालाही ते लागू पडते.

याच काळात मुंबई शहर आपली घाण उपनगरांकडे ढकलू लागले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्ल्यापासून चेंबूरकडे रेल्वेचा जो फाटा टाकण्यात आला, तो मुळात शहराचा कचरा वाहून नेऊन तेथील खाजणात भर घालण्यासाठी होता. प्रवाशांसाठी तो 1924 साली खुला झाला, आणि देवनारची कचराभूमी 1927 पासून वापरात आली. शहराच्या मैल्याचेही खत होऊ शकते, ही कल्पना मुंबई इलाख्यात अपरिचित नव्हती. मैला राखेत किंवा मातीत मुरवून केलेल्या खताला सोनखत म्हणत, आणि पुण्याच्या परिसरात उसाच्या मळ्यांत त्याला चांगली मागणी होती. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात तर 1897 साली मैल्यापासून वायू मिळवून दिवे लावण्यात आले होते. मात्र सोनखताची सारी व्यवस्था टोपल्यांनी मैला वाहणाऱ्या, अस्पृश्य ठरवलेल्या माणसांच्या श्रमावर उभी होती. जुन्या काळी काहीच वाया जात नसे, असे म्हणताना ही किंमत कोणी मोजली हे नोंदवावेच लागते. कोकणात गांधीवादी अप्पा पटवर्धनांनी स्वातंत्र्यानंतर कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारून खत देणाऱ्या संडासांचा प्रसार केला, त्यामागे शेतीइतकाच भंगीमुक्तीचा हेतू होता.

कुजवण्याच्या क्रियेला शास्त्रीय शिस्त मिळाली ती होळकरांच्या इंदुरात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून तेथील वनस्पती उद्योग संस्थेत काम करून बसवलेली पद्धत इंदूर पद्धत म्हणून जगभर पोहोचली, आणि 1931 साली तिच्यावर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. शेतातला काडीकचरा, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, राख आणि शेणकाला यांचे थर खड्ड्यात रचायचे, ओल राखायची आणि ठरावीक काळाने ढीग तीनदा उलथायचा, म्हणजे हवेवर जगणारे सूक्ष्मजीव काम करतात, ढीग तापतो आणि सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत हाती येते, असे या पद्धतीचे सार आहे. हॉवर्ड यांनी शेतकऱ्यांच्या चालत आलेल्या अनुभवाचा आणि चीनमधील खतरीतींचा आधार घेतला होता. त्यांनी भर घातली ती प्रमाणाची, हवेची आणि वेळापत्रकाची. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग लावावा, ही त्यांची सूचना वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या साष्टीसारख्या प्रदेशाला विशेष उपयोगाची होती. त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा व मैला एकत्र कुजवण्याची, उलथापालथ न करावी लागणारी पद्धत तयार केली. युद्धकाळातील ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत नगरपालिकांनी खत करावे असा आग्रह धरला गेला, आणि डिसेंबर 1947 मध्ये दिल्लीत गांधीजींच्या अनुयायी मीराबेन यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली.

परंतु खतविद्या पक्व होत असतानाच उपनगरांतील खत मागणारी जमीन कमी होऊ लागली होती. 1920 साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. 1950 साली महापालिकेची हद्द अंधेरी-जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर 1957 साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. खाचरांवर भूखंड पडले, वाड्यांच्या जागी चाळी, मग इमारती आल्या, चुलीच्या जागी स्टोव्ह आणि गॅस आला, आणि राख व शेण हे उकिरड्याचे दोन मुख्य घटक घरातून नाहीसे झाले. बंगल्याभोवतीच्या बागेत पालापाचोळ्याचा खड्डा काही काळ टिकला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाजवळ मात्र दारात ठेवायची कचऱ्याची बादली तेवढी उरली, आणि तिच्यातला माल महापालिकेचा झाला.

याच स्थित्यंतराचे ठळक उदाहरण म्हणजे गोरेगावची आरे दुग्ध वसाहत. शहरातले म्हशींचे गोठे हलवण्यासाठी 1949 पासून उभी राहिलेली ही वसाहत दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली आकाराला आली आणि तेथे पंधरा-सोळा हजार म्हशींची सोय झाली. एका म्हशीचे दिवसाचे शेण 15 किलो धरले, तरी रोज सव्वादोनशे टनांच्या घरात शेण एका ठिकाणी जमा होणार हे उघड होते. त्याचा काही भाग वसाहतीतल्या चाऱ्याच्या कुरणांना गेला. परंतु वसाहतीतले आणि जोगेश्वरी, मालाड, दहिसर या बाजूच्या खासगी तबेल्यांतले बरेचसे शेण पाण्याबरोबर ओशिवरा, दहिसर अशा नद्यांत वाहून गेले. एका पिढीपूर्वी ज्या शेणाच्या पाटीसाठी शेजारी शब्द टाकीत, तेच शेण नदी तुंबवणारी घाण ठरले. शेणाचा दुसरा उपयोग खादी-ग्रामोद्योगांचे शिक्षण देणाऱ्या बोरिवलीच्या कोरा केंद्रात शिकवला जात होता. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने जशभाई पटेल यांच्या आराखड्यावर आधारलेले गोबरगॅसचे संयंत्र पुढे आणले. त्यात शेणाचा वायू जाळण्यास मिळतो आणि उरलेला काला खत म्हणून शेतात जातो, म्हणजे व्होल्कर यांनी मांडलेल्या सरपण की खत या पेचाला ते थेट उत्तर होते. मात्र ज्या खेडेगावांसाठी हे तंत्र होते, तसे गाव बोरिवली स्वतः राहत नव्हते.

घरांतून निघणारा ओला कचरा आता उपनगरांतच पुरला जाऊ लागला. मुलुंडची कचराभूमी 1967 साली आणि बोरिवलीजवळची गोराईची 1972 साली सुरू झाली. मालाडच्या चिंचोली बंदर भागातही खाडीलगत कचरा टाकला जात असे. दुसरीकडे तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा खत कारखाना 1960च्या दशकात सुरू झाला आणि याच उपनगर जिल्ह्यातून रासायनिक खताच्या गोणी राज्यभर जाऊ लागल्या. अशा रीतीने एकाच जिल्ह्यात पिकांसाठी नत्र तयार करणारा कारखाना आणि नत्राने भरलेले भाजीपाल्याचे अवशेष गाडणारे उकिरडे शेजारी शेजारी वाढले. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारच्या प्रोत्साहनाने मुंबईसह काही शहरांत यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प उभारले गेले, परंतु बहुतेक ठिकाणी ते टिकले नाहीत. प्लास्टिक, काच, चिंध्या आणि अन्न एकत्र आलेल्या कचऱ्यापासून केलेले खत शेतकऱ्याला नको होते, आणि ते शेतापर्यंत नेण्याचा खर्च खताच्या मोलाला गिळून टाकी.

मातीशी तुटलेला हा संबंध गच्चीवर पुन्हा जोडण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजवली ती कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी. तासगावच्या द्राक्षबागायतदारांबरोबर प्रयोग परिवाराच्या माध्यमातून काम करताना त्यांनी असा विचार मांडला की सूर्यप्रकाश, पाणी आणि पालापाचोळा यांचा हिशेब नीट ठेवला, तर अगदी थोड्या जागेतही कुटुंबापुरते अन्न पिकू शकते. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत गच्चीशेतीचा पाठ घालून दिला, त्यात रसवंतीगृहांतून फुकट मिळणारे उसाचे चिपाड हा मुख्य घटक होता: प्लास्टिकच्या पिशवीत चिपाड व घरचा ओला कचरा भरायचा, वर थोडी माती किंवा तयार खत घालायचे आणि त्यातच रोप लावायचे. या रचनेत खत होण्याची जागा आणि पीक वाढण्याची जागा यांत अंतरच उरत नाही. शिवाय पिशवी मातीच्या कुंडीपेक्षा बरीच हलकी असल्यामुळे स्लॅबवर भार पडण्याची भीती कमी होते. दाभोळकरांच्याच परंपरेतून पुढे अमृत मिट्टीची पद्धत आली. तीत शेण, गोमूत्र आणि थोडा गूळ पाण्यात कालवून काही दिवस मुरवलेल्या अमृतजलात वाळका पाला भिजवून त्याचे मातीसह थर लावले जातात. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच विचाराने स्वयंपाकघरातल्या टाकाऊ मालावर बाग फुलवली, आणि तिच्यापासून उपनगरांतल्या अनेकांनी धडा घेतला.

गच्ची एका कुटुंबाची असते. गल्लीचा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचे पहिले लक्षणीय उत्तर घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधून आले. तेथील रहिवाशांनी 1990च्या दशकाच्या मध्यास ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करून ओल्याचे खत करण्यास सुरुवात केली, आणि त्या अनुभवावरून महापालिकेने 1997 साली प्रगत परिसर व्यवस्थापन ही योजना आखली, जी तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एएलएम म्हणून ओळखली जाते. एका रस्त्यावरील साधारण हजारेक रहिवाशांचा गट, त्याला जबाबदार असलेला पालिकेचा अधिकारी आणि आवारातच खतखड्डा, असे तिचे स्वरूप होते. त्या वर्षांत गांडूळखताचा बोलबाला होता. विटांच्या उथळ हौदात नारळाच्या शेंड्या व वाळका पाला अंथरून त्यावर ओला कचरा पसरायचा आणि कचरा खाणारी विशिष्ट जातीची गांडुळे सोडायची, की दीड-दोन महिन्यांत चहापत्तीसारखे रवाळ खत मिळते. परंतु गांडुळे हा जिवंत कामगारवर्ग आहे: लिंबाच्या साली आणि आंबट पदार्थ जास्त झाले, ढीग तापला, मुंग्या किंवा उंदीर शिरले, किंवा जुलैच्या पावसात हौदात पाणी भरले की ती मरतात वा पळतात. ज्या गल्लीत रोज लक्ष घालणारे एखाददुसरे निवृत्त गृहस्थ किंवा गृहिणी होत्या, तेथे हौद चालला. त्या व्यक्तीचे वय झाले किंवा इमारत पुनर्विकासाला गेली, की हौदावर वाहनतळ आला.

एकट्या उत्साही व्यक्तीवर विसंबण्याची ही उणीव स्त्री मुक्ती संघटनेने ओळखली. ज्योती म्हापसेकर यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने 1998 साली परिसर विकास कार्यक्रम सुरू केला. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया, ज्यांतील अनेक कुटुंबे 1972च्या दुष्काळात गाव सोडून आलेली होती, त्यांना कचरा वेगळा करणे, खतखड्डे राखणे आणि वायुसंयंत्र चालवणे शिकवून सोसायट्या व संस्थांत पगारी काम मिळवून देण्यात आले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या निसर्गऋण संयंत्राची, ज्यात शिजलेल्या अन्नासह ओल्या कचऱ्यापासून वायू व खत मिळते, देखभालही अशा प्रशिक्षित स्त्रियांकडे आली. सोनखताच्या काळात जे काम जातीने लादलेले होते, ते येथे प्रथमच कौशल्य मानून मोबदल्याशी जोडले गेले. मोबदला पुरेसा आहे का, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही.

कायद्याची पावले याच वाटेने, पण उशिरा पडली. 2000 सालच्या नगरी घनकचरा नियमांनी वर्गीकरण आणि जैविक प्रक्रिया यांचा पुरस्कार केला. गोराईची कचराभूमी 2007 साली बंद झाली. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवे घनकचरा व्यवस्थापन नियम आले, आणि महापालिकेने 20,000 चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना 2 ऑक्टोबर 2017 पर्यंत ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्यास सांगितले. मुलुंडची कचराभूमी 2018 साली बंद झाल्यावर ‘कचरा दूर कोठेतरी जातो’ ही समजूतही अधिकच डळमळली. 2016च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यासही मनाई केली, त्यामुळे उपनगरांतील रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांचा फाल्गुन-चैत्रात पडणारा पाला, जो झाडूवाले कोपऱ्यात पेटवून देत, तो खताच्या खड्ड्याकडे वळण्याची वाट मोकळी झाली.

घरगुती खताच्या तंत्रात हा वाळका पाला फार मोलाचा आहे. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना सुमारे 30 भाग कर्बामागे 1 भाग नत्र हवा असतो. भाजीची देठे, फळांच्या साली आणि उरलेला भात यांत नत्र आणि पाणी जास्त, तर वाळक्या पाल्यात, भुशात आणि नारळाच्या काथ्यात कर्ब जास्त असतो. म्हणून छिद्रे पाडलेल्या बादलीत किंवा माठात ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळक्याचा थर द्यावा लागतो, आणि मूठभर मिश्रण आवळले असता हाताला ओल लागावी पण थेंब गळू नये, इतकीच ओल राखावी लागते. तसे न केल्यास हवा कोंडून आंबूस वास येतो आणि शेजाऱ्यांची तक्रार आली की बहुतेक घरांतला प्रयोग तेथेच संपतो. अर्धे कच्चे खत कुंडीत घातले, तर ते कुजताना मातीतलाच नत्र ओढून घेते आणि तुळस किंवा कढीपत्ता पिवळा पडतो. मूळ पदार्थ ओळखू येईनासा झाला आणि पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला, म्हणजे खत तयार झाले, ही जुनी परीक्षा आजही चालते.

तंत्र अशा रीतीने सोपे झाले असले, तरी मोठ्या संकुलांपुढे वेगळीच अडचण आहे. दिवसाला 100 किलो ओल्या कचऱ्याचा पाचवा हिस्सा जरी खत म्हणून हाती आला, तरी वर्षाला सात टनांहून अधिक खत जमते, आणि फरसबंदी केलेल्या आवारातल्या मोजक्या कुंड्यांना व झाडांना एवढ्याची गरज नसते. उकिरड्याच्या काळात खाचर आधी होते आणि त्याच्या भुकेसाठी खत केले जाई. आजचा नियम कचऱ्यापासून सुरू होतो आणि खताला घेणारा कोण, हे ज्याच्या त्याच्यावर सोडतो. महापालिकेची उद्याने, आरेच्या पाड्यांवर अजून भाजी पिकवणारी वारली कुटुंबे आणि वसई-पालघरकडचे बागायतदार हे या खताचे जवळचे वाटेकरी होऊ शकतात, परंतु त्यासाठी खताची तपासणी, वाहतूक आणि रास्त किंमत यांची व्यवस्था कचरा उचलण्याइतकीच नियमितपणे लावावी लागेल. 1885 साली नेमलेल्या वन आयोगापुढे टेकडीवरच्या पाल्यावर हक्क कोणाचा असा प्रश्न होता. उपनगरांतल्या खताचे पुढचे भवितव्य सोसायटीच्या कुंडीतल्या खतावर हक्क सांगायला कोण पुढे येतो, यावर ठरणार आहे.